वाळवंटातले नगर आणि आपले नगर

दिवाळीची सुटी दोन-तीन महिन्यांवर आली की वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर सहल कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागतात. एके काळी त्यांत उटी, म्हैसूर आणि काशी-प्रयाग असे. आता 'दुबई : चार रात्री, पाच दिवस' ही अक्षरे सर्वांत ठळक असतात. नगर जिल्ह्यात शिक्षक, बँकेतील लिपिक आणि साखर कारखान्याच्या कचेरीतील कर्मचारी हाच मध्यमवर्गाचा कणा. तेथेही मधल्या सुटीत शिक्षकखोलीत दुबईची चर्चा चालते. कोणी नुकताच जाऊन आलेला असतो. त्याची छायाचित्रे हातोहात फिरतात आणि संध्याकाळी घरी मुले विचारतात, "आपण कधी जायचं?" चौघांच्या कुटुंबाला ही सहल म्हणजे दीर्घकाळाची बचत आणि पुष्कळदा पतसंस्थेचे कर्ज. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

दुबई म्हणजे काचेचा आणि पैशाचा देखावा, तेथे ना इतिहास ना संस्कृती, असे एक मत सुशिक्षितांत प्रतिष्ठा पावले आहे. हे मत उच्चारणारा निदान नगरचा रहिवासी तरी असू नये. २८ मे १४९० हा ज्याचा स्थापनादिन म्हणून सांगितला जातो, ते आपले शहर त्या काळचे दुबईच होते. मलिक अहमदाने पर्जन्यछायेच्या उघड्या माळावर, सीना नदीच्या काठी नवी राजधानी वसविली आणि थोड्याच काळात तिची तुलना कैरो आणि बगदाद यांच्याशी होऊ लागली. सीना ही बारमाही नदी नव्हे. तरीही या शहरात हौद होते, कारंजी होती, बागा होत्या. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ च्या सुमारास पुरा झालेला फराहबाग पाहा : चहूबाजूंनी प्रशस्त तलाव आणि मध्ये अष्टकोनी दुमजली महाल. कोरड्या मुलखात पाण्याच्या मधोमध महाल बांधणे, याला झगमगाट म्हणावयाचे नाही तर कशाला? जुमेराच्या समुद्रात भराव घालून खजुरीच्या झाडाच्या आकाराचे बेट उभारणाऱ्यांची हौस याहून वेगळ्या जातीची नाही.

ती हौस ज्या कारागिरीवर उभी होती ती मात्र जमिनीखाली होती. कापूरवाडी, भिंगार, नेप्ती अशा भोवतालच्या ठिकाणांहून भूमिगत नहरी आणि खापरी नळ यांनी पाणी उतारावरून शहरात आणले होते. ना पंप, ना वीज. केवळ उताराचा अचूक अंदाज. १६०० मध्ये शहर मोगलांच्या हाती गेले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. नहरी त्यानंतरही वाहत राहिल्या आणि पुढे आपल्याच दुर्लक्षाने बुजत गेल्या. फराहबागेचा तलाव आज बहुतेक कोरडाच असतो.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून दुबईकडे पाहिले म्हणजे ते शहर वेगळे दिसू लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते खाडीकाठचे, मोत्यांवर जगणारे छोटे बंदर होते. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. १९३० नंतरच्या दशकात जपानच्या संवर्धित मोत्यांनी तो धंदा बुडविला. तेथे चलन आपला रुपयाच होता; १९५९ साली आखातासाठी भारताने निराळ्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईने रुपया सोडला. त्याच वर्षी तेथे तेल सापडले. परंतु तेल सापडण्यापूर्वीच शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून गाळाने भरलेली खाडी उपसून घेतली होती. जहाजे आत आली, व्यापार आला. पुढे १९७९ मध्ये जबल अलीचे बंदर झाले. आज त्या शहराच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी अल्प आहे. 'तेलाच्या पैशाची मिजास' हे आपले नेहमीचे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे पडते.

सहलीच्या कार्यक्रमात यातले फारच थोडे असते. असते ते बुर्ज खलिफा, मॉल, वाळूतील मोटारींच्या कोलांट्या आणि सोन्याचा बाजार. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि तो एकदा पाहण्यासारखा आहे, हे निःशंकपणे मान्य करावे. (आपल्या अकोले तालुक्यातील कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट, ती उंची समुद्रसपाटीपासूनची, हे खरे. पण नगरकरांपैकी कितीजण वर गेले आहेत?) मॉलमध्ये मात्र पुण्यात न मिळणारे असे फारसे काही नाही. उन्हाळ्यातही बर्फावर घसरण्याची सोय असलेला मॉल मुलांना आवडेल. त्यांना तो दाखवावा आणि बाहेर पडल्यावर बर्फ टिकवायला लागणारी वीज येते कुठून, हेही विचारावे.

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. दुबईत वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या जिल्ह्यात त्याच्या पाचपट तरी पडतो. तेथील नळाला येणारे जवळजवळ सर्व पाणी समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळे करून बनविलेले असते आणि त्यासाठी प्रचंड ऊर्जा खर्ची पडते. पाऊस तेथे इतका अनपेक्षित की १६ एप्रिल २०२४ रोजी एका दिवसात वर्षाहून अधिक पाऊस कोसळला तेव्हा रस्ते बुडाले आणि जगातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचे वेळापत्रक कोलमडले. टँकरची वाट पाहिलेल्या नगरी माणसाने त्या शहरात नळ सोडताना क्षणभर थांबावे, असे मला वाटते.

आणि माणसे? शहरातील सुमारे नऊ-दशांश लोक परदेशी आहेत. त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी. मराठी माणूसही तेथे रुजला आहे. २०१० मध्ये दुसरे विश्व मराठी साहित्य संमेलन मंगेश पाडगावकर यांच्या अध्यक्षतेखाली दुबईतच भरले होते. परंतु इमारती बांधणारे हात संमेलनात दिसत नाहीत. शहराच्या कडेला मजुरांची एक मोठी वसाहत आहे. तिला आपल्याच भाषांतले 'सोनापूर' हे नाव पडले आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम घेण्यास कायद्याने मनाई आहे. असा कायदा करावा लागतो, यावरूनच उन्हाची कल्पना यावी. पहाटे मजुरांना नेणाऱ्या बसगाड्या प्रवाशांच्या वातानुकूलित गाडीच्या शेजारूनच जातात. मुलांनी खिडकीतून त्याही पाहाव्यात.

मग जावे की नाही? जावे, पण काही अटींवर. मे महिन्याची सुटी त्यासाठी वापरू नये. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि सारी सहल एका थंड दालनातून दुसऱ्या थंड दालनात जाण्यात संपते. नाताळच्या सुमारास हवा उत्तम असते. दिवाळीचे दिवसही चालतील. दुसरे, कर्ज काढून जाऊ नये. शेखांनी कर्ज काढले ते खाडी उपसण्यासाठी, आणि त्या खाडीने ते फेडले. लिपिकाने काढलेले कर्ज छायाचित्रे फेडणार नाहीत. ते मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कातून आणि आईच्या औषधातून फेडले जाते. ज्याच्यापाशी बचत नाही, त्याला ही सहल एक-दोन वर्षे पुढे ढकलता येते. दुबई कोठे पळून जात नाही. शेजाऱ्याच्या मुलाने बुर्ज पाहिला म्हणून आपल्याही मुलाने यंदाच पाहावा, हा हट्ट मुलाचा कमी आणि बापाचाच अधिक असतो.

तिसरी अट कार्यक्रमाची. चार रात्रींपैकी एक दिवस मॉलमधून काढून घ्यावा. अर्धा दिवस जुन्या खाडीसाठी ठेवावा : एका दिरहमात पलीकडे नेणारी लाकडी होडी, मसाल्यांचा बाजार आणि अल फहिदीचा अठराव्या शतकातील किल्ला. उरलेल्या वेळात सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या अल ऐनला जाऊन यावे. तेथे खजुरीच्या बागांना पाणी पाजणाऱ्या जुन्या भूमिगत नहरी आहेत. त्यांना 'फलज' म्हणतात. २०११ पासून ते स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. कापूरवाडीच्या नहरीचे कूळ तेच. दहा-बारा प्रवाशांनी मिळून मागणी केली, तर अल ऐनची फेरी कार्यक्रमात बसविणे सहल कंपन्यांना अशक्य नसते.

मात्र निघण्यापूर्वीचे दोन रविवार मोकळे ठेवावेत. एका रविवारी सोलापूर रस्त्याला फराहबाग पाहावा. दुसऱ्या रविवारी हिवरे बाजार. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून त्यावर पिकांचा हिशेब बसविणारे हे गाव पाहण्यासाठी परदेशातून माणसे येतात. आपल्या शाळेतील किती मुलांनी ते पाहिले आहे, हे विद्यालयांच्या सहलप्रमुखांनी एकदा नोंदवहीत तपासून पाहावे.