कुपवाडचा एक आठवडा: सायकल, पायवाट आणि बुजत चाललेली पाणंद

शेतकरी बंधूंनो, ऊस कारखान्याला गेला, शाळूच्या काढणीला अजून पंधरवडा आहे, अशा सवडीत एक आठवडा घर सोडा. लग्नाला नको, देवदर्शनालाही नको. मित्राच्या गावी जा आणि त्याच्या शिवाराभोवती सायकलने आणि पायी फिरा. तुम्ही म्हणाल, आम्ही तर रोजच चालतो, त्यात नवीन काय? खरं आहे. पण आपण रोज चालतो ती एकच वाट, घर ते रान. दुसऱ्याच्या शिवारात मोकळ्या डोळ्यांनी फिरलं की आपल्या गावचं काय चुकतंय ते दिसायला लागतं.

आम्ही हा आठवडा एका फेब्रुवारीत कुपवाडला काढला. मित्र एमआयडीसीत कामाला. पहिली पाळी संपवून तो दुपारी येई, तोवर त्याची सायकल आमच्या ताब्यात. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. तरी कारखान्यांची शेडं मागे टाकली की शिवार लागतंच.

सपाट रस्ता, साधी सायकल

इथला मुलूख बराचसा सपाट. गिअरची महागडी सायकल लागत नाही. मात्र बाभळीच्या काट्याला इलाज नाही, म्हणून पंक्चरचं सामान आणि पंप जवळ ठेवा. पहाटे निघा, ऊन तापायच्या आत परता. हंगाम चालू असेल तर अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नका. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही.

पहिल्या दिवशी सांगलीवरून हरिपूर गाठा. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे संगमेश्वराचं देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. पण शेतकऱ्याने पाहावी ती इथली हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही, आतली कोंदट हवा आधी बाहेर जाऊ देतात. 2005 च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिला सांभाळणारी ही जुनी कोठारं मात्र मोडत गेली.

दुसरी फेरी बुधगाव, कवलापूरवरून तासगावला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं. बागेत शिरण्याआधी मालकाला हाक मारा. फवारणी कधी झालीय ते त्यालाच ठाऊक.

डोंगराचे दोन दिवस

मधे एक दिवस पायांना विसावा द्या. मग मिरज ओलांडून पंढरपूर रस्त्याने भोसे गाठा आणि सायकल खाली ठेवून दंडोबाचा डोंगर पायी चढा. वर डोंगरात कोरलेलं देऊळ आहे, भोवती वनखात्याचं रान. गवत वाळलेलं असतं, तेव्हा विडी-काडी खिशातच राहू द्या.

लांबची फेरी सागरेश्वरची. पलूसला पाव्हणे असतील तर मुक्काम करा, नाहीतर एका दिवसात दमछाक होते. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली इथल्या माळावर कारखाना उभा केला. सायकलवरून जाताना हे आठवावं. पुढे सागरेश्वरच्या बोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडं वाढवली, आणि 1985 साली तिथे अभयारण्य झालं. माथ्यावरून कृष्णाकाठचा हिरवा पट्टा नजरेत मावत नाही.

नकाशात वाट, जमिनीवर बांध

आठवडाभर मुख्य रस्ता टाळून फिरताना एक गोष्ट वारंवार आडवी आली. लोक सांगत, "हितनं पाणंद हाय, जावा." थोडं पुढं जावं तर पाणंद संपलेली. दरसाली नांगराचं एक तास आत सरकतं, आणि दहा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते. मोटारसायकलवाला दुसरीकडून वळसा घालतो, त्याला काही वाटत नाही. ज्याचा ऊस आत आहे त्याचा जीव टांगणीला. ट्रॉली पोचत नाही म्हणून टोळी फडाला हात लावत नाही, आणि पावसाळ्यात आजारी माणूस खाटेवरून आणावा लागतो.

यावर कायदा आहे. चालू वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, हे ध्यानात ठेवा. रानात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. पाणंद पक्की करायला 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. मात्र मुरूम पडायच्या आधी वाट मोकळी लागते, आणि तिथेच भाऊबंदकी आडवी येते.

याच भोशात 2020 साली महामार्गाच्या आड येणारा जुना वड वाचवायला माणसं उभी राहिली आणि रस्त्याची आखणी बदलली. एका झाडासाठी महामार्ग वळतो, तर चार घरांसाठी बांध का सरकू नये?

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना एवढंच सांगणं. पावसाळ्याआधी गाव नकाशा हातात घेऊन एक शिवारफेरी काढा, जीपमधून नको, पायी. नकाशातली प्रत्येक तुटक रेषा जमिनीवर शोधा, आणि जिथे सापडत नाही ती ग्रामसभेत वाचून दाखवा. दोन्ही बांधवाल्यांना समोरासमोर बसवलं तर पुष्कळ वाटा तहसीलला न जाताच मोकळ्या होतात. आणि शेतकरी बंधूंनो, तुमचा मित्र सायकल घेऊन तुमच्याकडे आला, तर त्याला पाणंदीनेच रानात न्या. वापरातली वाट सहजासहजी कुणाला गिळता येत नाही.