दूषित भूमी : मूल्यमापन व शुद्धीकरण

मानवी व्यवहारांतून आलेले अपायकारक पदार्थ मातीत, मातीच्या रंध्रांतील हवेत वा तिच्याखालील भूजलात साठून त्यांपासून माणूस, इतर सजीव, पाणीपुरवठा किंवा इमारती यांना अपाय होण्याचा संभव निर्माण झाला म्हणजे त्या भूमीस दूषित भूमी म्हणतात. मातीत एखादे विषारी द्रव्य आढळले एवढ्यावरून भूमी दूषित ठरत नाही. काही खडकांपासून बनलेल्या मृदांत निकेल, क्रोमियम किंवा आर्सेनिक निसर्गतःच अधिक असते. म्हणून आसपासच्या अस्पर्शित मातीतील प्रमाण आधी ठरवून घ्यावे लागते व मगच तुलना करता येते.

हवेतील दूषित द्रव्ये वाऱ्याने विरतात, नदीतील पुराने वाहून जातात. माती मात्र जागची हलत नाही. त्यामुळे भूमीचे प्रदूषण हे बहुधा जुने देणे असते. ते उघडकीस येते तेव्हा कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेले असतात आणि काय पुरले याची नोंद कोठेच नसते. कातडी कमावण्याचे व धातूंवर मुलामा देण्याचे कारखाने, कोळशापासून दिवाबत्तीचा वायू तयार करणारी जुनी केंद्रे, कीटकनाशकांची व रंगांची निर्मिती, खाणींलगतचे टाकाऊ ढीग आणि पेट्रोल पंपांच्या जमिनीखालील गळक्या टाक्या हे तिचे नेहमीचे उगम होत.

इतिहास : या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स या शहरातील लव्ह कॅनाल येथील घटनेने. विल्यम लव्ह या उद्योजकाने १८९० नंतरच्या दशकात खणावयास घेतलेला व सु. १·६ किमी. लांबीनंतर सोडून दिलेला हा कालवा होता. हूकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सु. २१,००० टन रासायनिक कचरा टाकला, वर मातीचा थर दिला आणि १९५३ मध्ये ही जागा स्थानिक शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रासायनिक कचरा असल्याचा उल्लेख व त्यापासून होणाऱ्या हानीची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही अशी अट खरेदीखतात होती. तरीही तेथे शाळा उभी राहिली आणि भोवती घरे बांधली गेली. घरे विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते खत कधी पाहिलेही नव्हते. १९७५ नंतरच्या ओल्या हिवाळ्यांत भूजल वर चढले, गंजलेली पिपे उघडी पडली आणि तळघरांच्या भिंतींतून काळा द्रव झिरपू लागला. ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन पहिल्या दोन रांगांतील दोनशेहून अधिक कुटुंबे हलविण्यात आली. लोइस गिब्ज या रहिवासी गृहिणीच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनानंतर १९८० मध्ये उरलेल्यांच्या स्थलांतराचीही सोय झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. कृती घडली त्या वेळी ती बेकायदा नसली, तरी प्रदूषणकर्त्याने शुद्धीकरणाचा खर्च सोसावा आणि कर्ता सापडत नसेल, तर तेल व रसायन उद्योगांवरील करातून उभारलेल्या निधीतून तो भागवावा, असे तत्त्व त्यात आले. १९९५ अखेर हा कर बंद पडला व २०२१ आणि २०२२ मधील कायद्यांनी तो पुन्हा लागू झाला. लव्ह कॅनालचे नाव २००४ मध्ये राष्ट्रीय अग्रक्रम यादीतून वगळण्यात आले. पण तेथील कचरा आजही जमिनीखालीच आहे. त्यावर अपार्य आच्छादन असून भोवतालच्या चरांतून झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध केले जाते.

नेदर्लंड्समधील लेकरकेर्क या गावीही असेच झाले. बुजविलेल्या चरांवर बांधलेल्या वसाहतीखाली रसायनांची पिपे असल्याचे १९८० च्या सुमारास उघड झाले. घरे रिकामी करून खालची माती उपसण्यात आली आणि १९८३ मध्ये मृदा शुद्धीकरणाचा अंतरिम कायदा झाला.

मूल्यमापन : मूल्यमापनाचा पाया स्रोत, मार्ग व ग्राही या साखळीत आहे. अपायकारक द्रव्य हा स्रोत. धूळ, भूजल, भाजीपाला किंवा जमिनीतून घरात शिरणारी बाष्पे हे मार्ग. आणि माणूस, विहीर वा ओढा हे ग्राही. तिन्ही दुवे असतील, तरच धोका संभवतो. काँक्रीटच्या फरशीखालील शिसे फरशी शाबूत असेतो बहुधा निरुपद्रवी असते. तीच फरशी उखडून तेथे बालोद्यान केले, तर ते घातक ठरते. म्हणून त्या जागेचा पुढे कोणता उपयोग व्हावयाचा आहे, हे ठाऊक असल्यावाचून मूल्यमापन पुरे होत नाही.

कामाचा आरंभ कागदपत्रांपासून होतो. जुने नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे, कारखान्याचे आराखडे, कच्च्या मालाच्या नोंदी यांवरून कोठे काय सांडले असेल याचा अंदाज बांधतात. निवृत्त कामगारांच्या आठवणी या टप्प्यावर अत्यंत मोलाच्या ठरतात, कारण अधिकृत आराखड्यात कचऱ्याचा खड्डा सहसा दाखविलेला नसतो.

त्यानंतर वेध घेऊन मातीचे नमुने काढतात. किती वेध घ्यावेत हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. २० मी. अंतराच्या चौरस जाळीवर वेध घेतल्यास हेक्टरी २५ वेध होतात. पण १० मी. व्यासाचा एखादा गोल खड्डा अशा जाळीत सापडण्याची शक्यता जेमतेम पाचांत एक असते. तो हमखास सापडावा म्हटल्यास अंतर ७ मी. पर्यंत आणावे लागते आणि वेधांची संख्या हेक्टरी २०० वर जाते. खर्च त्याच मानाने वाढतो. म्हणूनच आधीचा कागदी तपास नीट झालेला असेल, तर संशयास्पद जागी दाट व इतरत्र विरळ वेध घेऊन भागते. ‘नमुन्यांत काही आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ वेधांची जाळी पाहिल्याशिवाय लावू नये.

नमुना हाताळण्यातही चुका संभवतात. बाष्पनशील विद्रावके उघड्या पिशवीत भरली, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उडून जातात. क्रोमियमचे केवळ एकूण प्रमाण मोजून चालत नाही. षट्संयुजी क्रोमियम विषारी व पाण्यात सहज विरघळणारे असते, तर त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने स्थिर असते. वेधन करताना चिकणमातीचा अपार्य थर फोडला गेला, तर वरचे प्रदूषण खालच्या जलधर स्तरात उतरते आणि तपासणीच अपायास कारण होते.

भूजलाच्या प्रवाहाची दिशा कळण्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. वाळूच्या थरात दूषित पाण्याचा पट्टा बराचसा नियमित असतो. दख्खनच्या बेसाल्टात मात्र पाणी भेगांतून व संधींतून वाहते. त्यामुळे लगतची विहीर स्वच्छ व दूरची दूषित, असे चित्र आढळू शकते. पावसाळ्यापूर्वी व नंतर, अशी दोनदा तरी पाहणी करणे आपल्याकडे आवश्यक ठरते.

मिळालेल्या आकड्यांवरून धोका काढताना काही गृहीते धरावी लागतात. सहा वर्षांखालील मुलाच्या पोटात रोज २०० मिग्रॅ. माती जाते, असे अमेरिकी पद्धतीत धरतात. कर्करोगाचा वाढीव धोका दहा हजारांत एक ते दहा लाखांत एक या मर्यादेत असावा, असा तेथील दंडक आहे. ही मर्यादा विज्ञानातून आपोआप निघत नाही. किती धोका पत्करावयाचा हा अखेर समाजाचा निर्णय असतो आणि तो घेताना तेथे राहणाऱ्यांचे मत विचारले जातेच असे नाही.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ : नेदर्लंड्सने आरंभी अशी भूमिका घेतली होती की, शुद्ध केलेली भूमी कोणत्याही उपयोगास योग्य असली पाहिजे. खर्चाचे डोंगर पाहून १९९० नंतरच्या दशकात हा आग्रह सोडावा लागला व उपयोगानुसार मानके ठरविण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये २००० पासून अमलात असलेल्या व्यवस्थेचा भरही प्रत्यक्ष धोक्यावरच आहे.

भारतात हा वाद ठळकपणे उभा राहिला तो तमिळनाडूतील कोडाइकानल येथे. समुद्रसपाटीपासून सु. २,१०० मी. उंचीवरील या गावी १९८४ मध्ये सुरू झालेला पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना, पारामिश्रित काचेचे तुकडे गावातील भंगाराच्या वखारीत सापडल्यानंतर मार्च २००१ मध्ये बंद झाला. सु. २९० टन काचकचरा २००३ मध्ये अमेरिकेस पाठविण्यात आला. मातीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने अभ्यास केला आणि दर किग्रॅ. मातीत २० मिग्रॅ. पारा ही शुद्धीकरणाची मर्यादा पुढे आली. ही मर्यादा निवासी जागेच्या हिशोबाने काढलेली असून डोंगरउतारावरील वनाला व त्यातून वाहणाऱ्या पाण्याला ती अपुरी आहे, असा स्थानिक संघटनांचा आक्षेप होता. उलट बाजूचे म्हणणे असे की, मर्यादा अधिक कडक केल्यास जास्त माती खणावी लागेल, झाडे तुटतील आणि उघड्या उतारावरून धूप होऊन पारा खाली वाहून जाईल. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. सगळा वाद मिलिग्रॅमांचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी ग्राही कोण मानावयाचा, तेथे घर बांधणारा माणूस की खालच्या ओढ्यातील मासा, हा प्रश्न होता.

शुद्धीकरणाच्या पद्धती : सर्वांत जुनी पद्धत म्हणजे माती खणून सुरक्षित भरावात नेऊन टाकणे. ती जलद असते, पण प्रदूषण नाहीसे करीत नाही, केवळ हलविते. आच्छादन घालणे व भोवती बेंटोनाइट मातीची भूमिगत भिंत उभारणे यांत स्रोत तसाच ठेवून मार्ग तोडला जातो. अशा बांधकामाची देखभाल मात्र अनिश्चित काळ करावी लागते. माती सिमेंटमध्ये घट्ट बांधणे, फेरस सल्फेटाने षट्संयुजी क्रोमियमाचे क्षपण करणे, माती धुऊन दूषित बारीक कण वेगळे काढणे, बाष्पनशील द्रव्ये निर्वाताने शोषून घेणे, पारा तापवून उडविणे व थंड करून गोळा करणे या भौतिक-रासायनिक पद्धती होत.

दूषित भूजल उपसून शुद्ध करण्याची पद्धत एके काळी सर्वत्र वापरली जाई. अनुभव निराशाजनक आला. ट्रायक्लोरोएथिलीन हे विद्रावक पाण्याहून सु. दीडपट जड असल्याने जलधर स्तराच्या तळाशी साचते आणि थोडेथोडे विरघळत राहते. पंप चालू असेतो पाणी सुधारलेले दिसते. पंप थांबविला की, प्रमाण पुन्हा चढते. याला पर्याय म्हणून प्रवाहाच्या वाटेत लोखंडाच्या कणांनी भरलेला पार्य चर ठेवण्याची युक्ती १९९० नंतर पुढे आली; पाणी त्यातून आपोआप वाहताना क्लोरीनयुक्त विद्रावकांचे विघटन होते.

तेलाने दूषित मातीत ऑक्सिजन, नायट्रोजन व फॉस्फरस पुरविला म्हणजे तेथलेच सूक्ष्मजंतू तेलाचे विघटन करतात. आनंद चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी घडविलेल्या तेलभक्षक जंतूच्या एकस्वामुळे १९८० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निर्णय झाला. प्रत्यक्ष कामात मात्र नैसर्गिक जंतूच अधिक उपयोगी पडले. टेरिस व्हिटाटा हा नेचा आर्सेनिक शोषून पानांत साठवितो. मोहरीच्या काही जातींचाही धातूंसाठी उपयोग करून पाहिला गेला आहे. वनस्पतींची ही पद्धत स्वस्त असली, तरी मुळे पोचतात तेवढ्याच खोलीपुरती मर्यादित असते, तिला अनेक वर्षे लागतात आणि कापलेल्या पिकाचे काय करावयाचे हा प्रश्न उरतोच.

भोपाळ : डिसेंबर १९८४ मधील वायुगळतीमुळे युनियन कार्बाइडचा कारखाना जगाला ठाऊक झाला, तेथील भूमीचे प्रदूषण ही मात्र वेगळी व त्याआधीपासूनची गोष्ट आहे. १९६९ पासून कारखान्याच्या आवारात कचरा टाकला जात होता आणि १९७७ पासून आवाराबाहेरील बाष्पीभवन तळ्यांत सांडपाणी सोडले जाई. उत्तरेकडील वस्त्यांच्या भूजलात क्लोरीनयुक्त संयुगे आढळली. या वस्त्यांना पिण्याचे स्वच्छ पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. आवारातील सु. ११ लाख टन मातीचे शुद्धीकरण आवश्यक असल्याचा अंदाज नागपूरच्या उपर्युक्त संस्थेने २०१० मध्ये वर्तविला. आवारात पिंपांत भरून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे नेण्यात आला व तेथील लोकांच्या विरोधानंतर, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली, जून २०२५ अखेर जाळण्यात आला. ज्वलनात चुना इ. द्रव्ये मिसळावी लागत असल्याने उरलेल्या अवशेषांचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले. जमिनीतील प्रदूषणाच्या मानाने हा कचरा अल्पांश होता, हे वरील आकड्यांवरून दिसेल.

तमिळनाडूतील रानिपेट येथे १९९५ मध्ये बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्यामागे दीड लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचरा उरला. हेही असेच एक रेंगाळलेले उदाहरण होय.

भारतातील विधिव्यवस्था : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली घातक कचऱ्यासंबंधीचे नियम १९८९ मध्ये झाले व पुढे २००८ आणि २०१६ मध्ये नव्याने करण्यात आले. ते मुख्यतः नव्याने निर्माण होणाऱ्या कचऱ्यापुरते होते. आधीच बिघडलेल्या भूमीसाठी न्यायालये व २०१० च्या अधिनियमाने स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण यांच्याकडेच जावे लागे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासन संशयित स्थळांची माहिती देते, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक मूल्यमापन करते, त्यानंतर सविस्तर पाहणी होते आणि जबाबदार व्यक्ती निश्चित करून तिच्याकडून शुद्धीकरणाचा खर्च घेतला जातो. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती व नागरी घनकचऱ्याची आगारे या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहेत.