गाव करी ते राव न करी, पण केव्हा?

आपल्या भाषेत दोन म्हणी आहेत. एक, ‘गाव करी ते राव न करी.’ दुसरी, ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती.’ पहिली सांगते, पुष्कळ जण एकत्र आले की राजाला न जमणारे कामही होऊन जाते. दुसरी सांगते, पुष्कळ जणांनी हात घातला की कामाचा विचका होतो. दोन्ही म्हणी अनुभवातून आलेल्या आहेत, तेव्हा कोणतीच खोटी म्हणता येणार नाही. मग एकत्र येणे केव्हा फळते आणि केव्हा फसते? राजकारण, व्यापार आणि खेळ या तिन्ही क्षेत्रांतले एकेक उदाहरण घेऊन आपण याचा उलगडा करू.

प्रथम राजकारण. साल १७८०. इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष घेऊन मराठ्यांशी युद्ध मांडले होते. पुण्याचा कारभार नाना फडणीस पाहत होते. त्यांनी मोठा बेत रचला. म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजाम, नागपूरकर भोसले आणि पुणे दरबार अशा चौघांनी मिळून चहूकडून इंग्रजांवर उठायचे. बेत नामी होता. हैदर त्याच वर्षी कर्नाटक प्रांतात उतरला आणि त्याने मद्रासकर इंग्रजांची झोप उडवली.

पण समोर वॉरन हेस्टिंग्ज होता. त्याने गुंटूरचा मुलूख परत देऊन निजामाला थंड केले. भोसल्यांची फौज कटकपर्यंत आली, तिला पैसा देऊन बंगालवर येऊ दिले नाही. राहिले दोघे. त्यांतल्या पुणे दरबाराच्या वतीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण बराच मुलूख परत आला आणि इंग्रजांनी राघोबांचा पक्ष सोडला. म्हणजे युतीने काहीच साधले नाही असे नव्हे. मात्र त्याच तहात, हैदराने जिंकलेला मुलूख सोडून द्यावा असेही ठरले होते! दोस्त रणात लढतो आहे आणि इकडे त्याला बाजूला ठेवून तह होतो आहे.

यात कोणा एकाच्या नावाने बोटे मोडून उपयोग नाही. ज्याने त्याने आपापल्या दौलतीचे पाहिले. या चौघांना बांधणारा दोरा एकच होता, समान शत्रूचे भय. ज्याचे भय किंवा गरज सरली, तो सुटला. चौघांचे मिळून एखादे मंडळ नव्हते, आणि करार मोडणाऱ्याला जाब विचारील असे कोणी नव्हते. गरज सरो, वैद्य मरो, हा अशा युतीचा स्वभावच आहे.

आता व्यापाराकडे वळू. मध्ययुगात उत्तर जर्मनीतल्या आणि बाल्टिक समुद्राकाठच्या शहरांनी एक संघ केला होता. त्याला ‘हान्सा’ म्हणत. ल्यूबेक हे त्यातले मुख्य शहर. १३५६ साली तेथे संघाची पहिली सर्वसाधारण सभा भरली. मीठ, खारवलेले मासे, धान्य, मेण आणि रशियातली केसाळ कातडी हा त्यांचा माल. लंडन, ब्रूज, बर्गेन आणि नोव्हगोरोद येथे त्यांच्या मोठ्या वखारी होत्या. संघापाशी खडे सैन्य नव्हते. मग राजेरजवाडे त्याला का वचकत? कारण संघाने ‘व्यापार बंद’ म्हटले की सगळी शहरे मिळून बंद करीत. १३५८ साली त्यांनी फ्लँडर्सशी असाच व्यवहार तोडला. दोन वर्षांत फ्लँडर्सकरांना सवलती देऊन समेट करावा लागला.

पण खरी गंमत पुढेच आहे. संघाचे इंग्लंडशी भांडण जुंपले असता कोलोन शहराने आपला इंग्लंडशी व्यापार चालूच ठेवला. कोलोन काही लहानसहान गाव नव्हते. तरी १४७१ साली संघाने त्याला बाहेर काढले, आणि १४७६ साली ते परत आत आले. नियम धाकट्यालाही आणि थोरल्यालाही, ही त्या संघाची ताकद होती. पुढे सभेला शहरे येईनाशी झाली, राजसत्ता बळावल्या, डच व्यापारी वरचढ ठरले. १६६९ साली शेवटची सभा भरली, तिला मोजकीच शहरे हजर होती. तरीही पहिल्या सभेपासून तीनशे वर्षे झाली होती!

तिसरे उदाहरण खेळाचे. इंग्लंडात १८८५ साली फुटबॉलच्या खेळाडूंना उघडपणे पगार देण्याची मुभा मिळाली. पगार द्यायचा तर तिकिटांचे उत्पन्न नियमित हवे. पण सामने ठरत, आणि आयत्या वेळी समोरचा संघ येतच नसे. प्रेक्षक हिरमुसून परत जात. तेव्हा अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर या कापड-दुकानदाराने पुढाकार घेतला आणि १८८८ साली बारा क्लबांची ‘फुटबॉल लीग’ उभी राहिली. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन सामने खेळायचे, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. म्हणजे प्रत्येकी बावीस सामने. तळाच्या चौघांनी पुढच्या हंगामासाठी पुन्हा निवडून यायचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मैदानावर जो प्रतिस्पर्धी, तोच लीगमध्ये भागीदार. समोरचा क्लब बुडाला तर माझा सामनाच बुडाला! २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा धनाढ्य क्लबांनी वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. तीत संस्थापकांची जागा कायमची पक्की होती, हरले तरी जायचे नाही. प्रेक्षकांनी गहजब केला आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे दूरचे झाले, आमच्या गावाशी याचा काय संबंध? अहो, पुष्कळ आहे. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र केले, धनंजयराव गाडगीळांनी अध्यक्षपद सांभाळले, आणि १९५०–५१ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. सभासद लहान असो की मोठा, मत एकच. पण कारखाना चालतो तो सभासदाने आपला ऊस तेथेच घातला तर. समजा, एखाद्या वर्षी गुळाला भाव चढला. गुऱ्हाळवाला बांधावर येऊन जास्त पैसे देऊ लागला. त्या दिवशी सभासद काय करतो, यावर संघाचे भवितव्य ठरते. निजामाला गुंटूर मिळाले तोही असाच दिवस होता, आणि कोलोनने इंग्लंडचा व्यापार सोडला नाही तोही असाच.

तेव्हा तुमच्या गावची दूध-सोसायटी असो, पाणीवाटप संस्था असो की तालुक्यातल्या शाळांचे क्रीडासामने असोत, तीन प्रश्न विचारून पाहा. एकत्र ठेवणारे समान भय गेले तरी उरेल असा काही समान लाभ आहे का? प्रत्येकाने आपले काय सोडायचे, हे आधीच लिहून ठरले आहे का? आणि नियम मोडणारा गावातला बडा असला, तरी त्याला जाब विचारता येतो का? गुरुजींनी हे प्रश्न वर्गातल्या मुलांपुढेही ठेवावेत. खेळाच्या मैदानावर ती त्यांची उत्तरे चटकन देतील.

तिन्ही उत्तरे ‘होय’ आली, तर पहिली म्हण खरी होईल. एखादेही ‘नाही’ आले, तर ते आजच दुरुस्त करून घ्यावे. गुऱ्हाळवाला बांधावर आल्यावर त्याला फार उशीर झालेला असतो.