साखरेवाचून गोडी

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात श्रीपूर नावाचे गाव आहे. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी 'बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट' ही कंपनी स्थापन केली आणि तिचा साखर कारखाना या गावी उभा राहिला. आज तेथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना उसाचे गाळप करतो. हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेल्या गाड्यांच्या रांगा कारखान्याच्या वाटेवर लागतात आणि उकळत्या रसाचा वास दूरवर पसरतो. १०० किलो ऊस गाळला असता सुमारे १० ते ११ किलो साखर हाती येते. बारा ते अठरा महिने पाणी पिऊन वाढलेल्या पिकाचे हे सार होय. आणि ज्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, तेथे पाण्याचा हा हिशेब लहान नव्हे.

अशा गावी कोणी सांगितले, की साखरेचा कणही न घालता चहा गोड करणारे एक पान आहे, तर ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या कपाळास आठी पडेल; परंतु त्याच घरातील मधुमेही आजोबांचे डोळे मात्र चमकतील. भारतात मधुमेहाने ग्रासलेल्या लोकांची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. तेव्हा या पानाची चौकशी करणे अगत्याचे आहे.

त्या वनस्पतीचे नाव स्टीव्हिया. आपल्याकडे तिला 'गोड तुळस' असेही म्हणतात; मात्र तुळशीशी तिचे काही नाते नाही. ती सूर्यफूल व झेंडू यांच्या कुळातील आहे. तिची झुडपे फार तर कमरेइतकी वाढतात, पाने लहान व दातेरी असतात आणि फुले पांढरी व अगदी बारीक असतात. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशात. तेथील ग्वारानी लोक आपला कडवट काढा गोड करण्यासाठी तिची पाने पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले होते. मोइझेस बेर्तोनी या मूळच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. वनस्पतीच्या नावापुढे बेर्तोनीचे नाव आजही लावले जाते. ज्यांनी तिची गोडी प्रथम ओळखली, त्या ग्वारानी लोकांचे मात्र नाही. पुढे १९३१ मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानातील गोड द्रव्य वेगळे काढले. १९७० नंतर जपानमध्ये त्याचा व्यापारी वापर सुरू झाला आणि २०१५ मध्ये भारतानेही काही खाद्यपदार्थांत ते वापरण्यास परवानगी दिली.

पानात साखर नाही, मग गोडी कोठून येते? जिभेवरील रुचिकलिकांत गोड चव ओळखणारे सूक्ष्म ग्राहक असतात. कुलपात किल्ली बसावी, तसा साखरेचा रेणू त्यांत बसतो आणि मेंदूला गोडीची वर्दी पोचते. स्टीव्हियातील रेणू साखरेचे नसतात. पण तेही या कुलपात बसतात, आणि इतके घट्ट बसतात, की त्यांची गोडी साखरेच्या २०० ते ३०० पट भरते. १० ग्रॅम साखरेने जो पेला गोड होतो, त्याला हे शुद्ध द्रव्य सुमारे ४० मिलिग्रॅम पुरते. शिवाय जठरात व लहान आतड्यात ते पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करतात, आणि उरलेला भाग यकृतातून जाऊन अखेर मूत्रावाटे बाहेर पडतो. त्यामुळे रक्तातील साखर त्याने वाढत नाही.

एवढे गुण असूनही स्वयंपाकघरात ते साखरेची जागा घेऊ शकत नाही. चहा, सरबत, दही यांत ते चालते. परंतु लाडवासाठी पाक करावयाचा झाला, तर एकतारी पाकाला तार येते ती साखरेनेच. ४० मिलिग्रॅम भुकटीची तार कशी निघणार? मोरंबा वर्षभर टिकतो, कारण त्यातील साखर पाणी धरून ठेवते व जंतूंना वाढू देत नाही. चिक्कीचा खमंग तांबूस रंगही साखर तापल्यामुळेच येतो. त्यातच स्टीव्हियाची गोडी जिभेवर उशिरा येते, उशिरापर्यंत रेंगाळते आणि मागे किंचित कडवटपणा ठेवते. तिने केलेला चहा पहिल्याच दिवशी सर्वांना आवडतो, असे नाही.

गोड पाने आपल्याकडेही आहेत. विड्यात घालतात तो गुंजेचा पाला चावून पाहिला, तर गोड लागतो. मात्र त्याच वेलीच्या लाल-काळ्या बिया अत्यंत विषारी असतात. ज्येष्ठमधाच्या मुळीतील द्रव्य साखरेहून सुमारे ५० पट गोड आहे, पण ती मुळी रोज फार खाल्ल्यास रक्तदाब वाढतो. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून राहणारे लोक येथेच फसतात. गूळ आणि मध नैसर्गिक आहेत खरे, परंतु ते बहुतांशी साखरच असल्यामुळे आजोबांच्या मधुमेहाला त्यांचा उपयोग नाही. स्टीव्हियाच्या शुद्ध द्रव्यालासुद्धा मर्यादा ठरवून दिलेली आहे. वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरी गोड द्रव्यांवर अवलंबून राहू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना तो लागू केलेला नाही.

आता राहिली शेतकऱ्याची आठी. उसापासून केवळ साखर होत नाही. चिपाडांवर कारखान्याचे बाष्पक पेटतात व वीज तयार होते, आणि मळीपासून मद्यार्क व इंधनासाठी इथेनॉल निघते. यांतले काहीही त्या पानापासून मिळावयाचे नाही. शिवाय स्टीव्हिया लावणे वाटते तितके सोपे नाही. बियांची उगवण फार कमी होते, म्हणून बहुधा छाट कलमांनी लागवड करावी लागते. पाणी थोडे पण वरचेवर द्यावे लागते. ते मुळाशी साचले, तर झाड कुजते. फुले येण्यापूर्वीच पाने खुडून वाळवावी लागतात, कारण फुलोरा आल्यावर त्यांची गोडी उतरते.