महाग तेच योग्य काय?

अपघाताची वार्ता देताना ‘चेहऱ्यास दुखापत’ एवढे लिहून वृत्तपत्र मोकळे होते. त्या दोन शब्दांमागे कित्येकदा डोळ्याच्या खोबणीचा अस्थिभंग दडलेला असतो. गोमंतकात दुचाकी हे घरोघरीचे वाहन असल्याने हा प्रसंग कोणाच्याही दाराशी येऊ शकतो. खोबणीचा तळ म्हणजे एक मिलिमीटरहूनही पातळ असे हाड, आणि त्याखाली वरच्या जबड्यातील पोकळी. आघाताने हा तळ फुटला, की डोळ्याभोवतीची चरबी व कधी स्नायूही त्या भगदाडात उतरतात. डोळा आत खचतो आणि एकाचे दोन दिसू लागतात.

प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. परंतु भगदाड निम्म्या तळाहून मोठे असेल, डोळा २ मिलिमीटरहून अधिक आत गेला असेल, किंवा दुहेरी दिसणे हटत नसेल, तर तळ पुन्हा बांधावा लागतो. तो कशाने बांधावयाचा, असा प्रश्न उभा राहतो तेव्हा भांबावलेले नातेवाईक ‘जे महाग तेच चांगले’ या समजुतीने सही करतात, अथवा ऐपत नाही म्हणून मनाला कायमची टोचणी लावून घेतात. ही समजूत निराधार आहे, असे आम्हांस स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

यातील जुने साधन म्हणजे रुग्णाचेच कमरेचे वा कवटीचे हाड. शरीर ते परके मानीत नाही. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि बसविलेले हाड पुढे किती झिजेल याचा भरवसा नसतो. सिलिकोनची पट्टी स्वस्त खरी. परंतु ती वर्षांनंतरही जागा सोडते वा तिच्याभोवती पू धरतो, असा अनुभव आल्याने ती मागे पडली. टायटॅनियमची जाळी मोठे भगदाड पेलते व स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. मात्र भोवतालच्या ऊती तिला चिकटल्या, तर ती काढणे जिकिरीचे होते. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये शरीराच्या ऊती शिरून ते स्थिरावते. पण स्कॅनमध्ये नीट दिसत नाही. विरघळणारी पट्टी लहान भगदाडास, विशेषतः वाढत्या मुलांस सोयीची. मोठ्या भगदाडावर मात्र ती विरघळल्यानंतर तळ पुन्हा खचण्याचा धोका असतो.

तात्पर्य, सर्वगुणसंपन्न साहित्य अद्याप कोणास सापडलेले नाही. भगदाडाचे माप, रुग्णाचे वय आणि शल्यचिकित्सकाचा सराव यांवरूनच निवड व्हावयास हवी. रुग्णाच्या खोबणीबरहुकूम संगणकावर आखलेली जाळी गुंतागुंतीच्या भंगात उपकारक ठरते; साध्या भंगात तिचा आग्रह अनाठायी होय. निरोगी बाजूच्या खोबणीवरून प्लॅस्टिकचा साचा छापून त्यावर साधी जाळी वाकविण्याचा मधला मार्गही आहे. आणि साहित्य कोणतेही असो, त्याची मागची कड शाबूत हाडावर टेकली नाही, तर खर्च व्यर्थ.

तेव्हा घाईने सही का करावी? प्रौढ रुग्णांत सूज उतरेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबणे सामान्यतः चालते. अपवाद आहे तो प्रामुख्याने मुलांचा. त्यांचे लवचीक हाड झडपेसारखे मिटून स्नायू चिमटीत सापडतो. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, पण वर फिरत नाही आणि मूल ओकाऱ्या काढू लागते. तेथे एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया व्हावयास हवी. इतरांस मात्र विचारण्यास अवधी असतो.

केंद्र सरकारने २०१७ साली हृदयातील स्टेंट व गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतींस मर्यादा घातली, तेव्हा शरीरात बसविण्याच्या वस्तूचा भाव हा सार्वजनिक प्रश्न असल्याचे मान्य झाले. चेहऱ्याच्या साहित्यासही तोच न्याय लागला पाहिजे. परंतु केवळ भाव उतरवून भागणार नाही. हेच साहित्य का, दुसरे का नको, आणि पुढे कोणता त्रास संभवतो, हे रुग्णास मराठीत वा कोंकणीत सांगितले जावे. बसविलेल्या वस्तूचे नाव व क्रमांक त्याच्या कागदांवर नोंदला जावा. शल्यचिकित्सकांच्या ज्ञानाविषयी आम्हांस आदर आहे. त्या ज्ञानाचा थोडा वाटा सही करणाऱ्या हातापर्यंतही पोहोचावा, एवढीच आमची मागणी आहे.