दीर्घ खंडानंतर ऑनलाइन द्वंद्वखेळाकडे परतणे : कौशल्यधारणा, मानांकन व विलंब (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

डिसेंबर २०१८ मध्ये जालना शहरात महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली आणि बुलढाण्याकडून उतरलेले मल्ल बाला रफीक शेख यांनी मानाची गदा पटकावली. कुस्तीची परंपरा असलेल्या या भागात दीर्घ खंडानंतर तालमीत परतणाऱ्या मल्लाची अवस्था नवी नाही. डाव अंगात असतो, परंतु दम टिकत नाही, हे जाणकार ओळखतात. म्हणूनच पहिल्या दिवशी चीतपट झालेल्या मल्लाला कोणी संपला असे म्हणत नाही.

ऑनलाइन द्वंद्वखेळाकडे परतणाऱ्या तरुणाला मात्र असा जाणकार लाभत नाही. बारावीची परीक्षा किंवा नोकरीचा शोध यांमुळे वर्ष-दोन वर्षे खेळापासून दूर राहिलेला विद्यार्थी परततो, सलग हरतो आणि आपली क्षमताच लोपली असा निष्कर्ष काढतो. काही जण खेळ सोडतात, तर काही जण जुने स्थान मिळवण्यासाठी रात्री जागवतात. या सलग पराभवांचा खरा अर्थ काय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. खेळाचे स्वरूप

येथे ‘प्लॅटफॉर्म फायटर’ या प्रकाराचा विचार केला आहे. निन्टेन्डोच्या १९९९ मधील ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ने हा प्रकार रूढ केला. यात प्रतिस्पर्ध्याची शक्ती संपवायची नसून त्याला मंचाबाहेर फेकायचे असते. आघात साचत जातात तसा पुढील फटका त्याला अधिक दूर नेतो. ‘ब्रॉलहल्ला’ हा याच प्रकारचा विनामूल्य खेळ २०१७ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला व ऑगस्ट २०२० मध्ये मोबाइलवर आला. त्यामुळे महागडे यंत्र नसलेल्या खेळाडूलाही हा प्रकार खुला झाला.

२. काय टिकते, काय विरते

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की, विसरलेली गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी श्रम लागतात. आठवत नाही म्हणजे काहीच उरले नाही, असे नव्हे. फ्लाइशमन व पार्कर यांच्या १९६२ मधील प्रयोगात हात व डोळा यांच्या समन्वयाचे अवघड कौशल्य दोन वर्षांपर्यंतच्या खंडानंतरही फारसे घटले नाही. विनफ्रेड आर्थर व सहकाऱ्यांच्या १९९८ मधील एकत्रित विश्लेषणात शारीरिक कौशल्यांपेक्षा बौद्धिक कौशल्यांची झीज अधिक आढळली.

द्वंद्वखेळाला हे कसे लागू पडते? दृश्य पाहून हालचाल करण्यास माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० चित्रचौकटी दाखवणाऱ्या खेळात तेवढ्या वेळात १२ ते १५ चौकटी उलटतात आणि अनेक फटके त्याआधीच पूर्ण होतात. म्हणून कुशल खेळाडू बहुतांशी पाहून नव्हे, तर अंदाज बांधून खेळतो. खंडानंतर बोटांना उडी व फटका यांचा क्रम आठवतो; शिळा होतो तो अंदाज. मधल्या काळात नवी पात्रे येतात, फटक्यांचा वेग व जोर बदलला जातो, प्रतिस्पर्धी नवे डाव शिकतात.

खेळच बदलल्याचे ठळक उदाहरण ‘मल्टिव्हर्सस’चे आहे. जुलै २०२२ मध्ये खुल्या चाचणीसाठी आलेला हा खेळ जून २०२३ मध्ये थांबवण्यात आला व मे २०२४ मध्ये नव्या तांत्रिक पायावर परतला. परतलेल्या खेळाची गती निराळी असल्याची अनेक जुन्या खेळाडूंची तक्रार होती. ३० मे २०२५ रोजी त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली. ज्या खेळात प्रावीण्य मिळवले, तोच खेळ परतताना सापडेल याची हमी नसते.

३. मानांकनाचे गणित

अनेक ऑनलाइन खेळांतील मानांकनाच्या मुळाशी आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी मांडलेली पद्धत आहे. तिच्यानुसार २०० गुणांनी सरस खेळाडूविरुद्ध जिंकण्याची अपेक्षा शेकडा सुमारे २४ असते. समजा, अंबडचा एखादा विद्यार्थी परतला तेव्हा त्याचे प्रत्यक्ष कौशल्य जुन्या मानांकनापेक्षा २०० गुणांनी कमी आहे. यंत्रणा जुन्या आकड्यानुसारच प्रतिस्पर्धी निवडत असेल, तर चार सामन्यांपैकी तीन तो हरणार. प्रति सामना गुणक ३२ धरल्यास आरंभी त्याचे सरासरी सुमारे ८ गुण दर सामन्यामागे घटतात आणि अंतर कमी होईल तशी ही घट मंदावते. म्हणजे पंचवीसहून अधिक सामने केवळ आकडा वस्तुस्थितीच्या जवळ येण्यात जातात. हे पराभव नव्या ऱ्हासाचे लक्षण नसून जुन्या आकड्याची दुरुस्ती असतात.

ही उणीव ओळखून मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘ग्लिको’ पद्धतीत गुणांसोबत अनिश्चितताही मोजली जाते. खेळाडू जितका काळ दूर, तितकी ती वाढते. त्यामुळे परतल्यावर त्याचे मानांकन लवकर योग्य जागी येते.

४. अंतर व विलंब

प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. जालन्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३२५ किलोमीटर आहे. जाण्यायेण्यास सुमारे तीन मिलिसेकंद पुरतात. सिंगापूर सुमारे ३,७०० किलोमीटर आहे. तेथील सर्व्हरशी खेळताना किमान ३७ मिलिसेकंद, म्हणजे दोनहून अधिक चौकटी लागतात. केबलचे वळणाचे मार्ग, उपकरणे व मोबाइल जाळ्यावरील गर्दी यांमुळे प्रत्यक्ष विलंब याहून मोठा असतो. टोनी कॅनन यांच्या २००६ मधील ‘जीजीपीओ’ प्रणालीने प्रचारात आणलेल्या ‘रोलबॅक’ तंत्रात प्रतिस्पर्ध्याची पुढील हालचाल गृहीत धरून खेळ चालू ठेवला जातो व गृहीत चुकल्यास मागे जाऊन दुरुस्ती होते. विलंब त्यामुळे कमी जाणवतो, परंतु नाहीसा होत नाही.

पूर्वी घरच्या तारजोडणीवर सराव केलेला विद्यार्थी आता वसतिगृहातून मोबाइल डेटावर खेळत असेल, तर त्याची बोटे जुन्याच विलंबाला सरावलेली असतात. फटका उशिरा पडला तर दोष हाताचाच असेल असे नाही.

निष्कर्ष

खंडाच्या काळात हात, अंदाज, मानांकन व जाळे यांत एकसारखा बदल होत नाही. हाताची झीज सर्वांत कमी, तर शिळे मानांकन सर्वांत फसवे. म्हणून परतणाऱ्याने पहिल्या आठवड्यातील जय-पराजय क्षमतेचे माप मानू नयेत. आधी झालेले बदल समजून घ्यावेत, सरावविभागात हात मोकळा करावा, विलंबाचा आकडा तपासावा आणि मगच मानांकनाच्या सामन्यांकडे वळावे. आज दहा सामन्यांत काय नव्याने उमगले, ही नोंद हरलेल्या गुणांपेक्षा अधिक बोलकी ठरते. दैनंदिन वेळेची मर्यादाही आधीच ठरवावी. गेलेले गुण एका रात्रीत वसूल करण्याच्या धडपडीत थकवा वाढतो आणि अंदाज अधिकच चुकतो. तालमीत परतलेल्या मल्लाला पहिल्याच दिवशी मोठ्या जोडीशी लढवत नाहीत. हे शहाणपण पडद्यावरील द्वंद्वालाही तितकेच लागू आहे.