गिऱ्हाईकं मोजायची की फेऱ्या? भोर-वेल्ह्यातल्या टेम्पोवाल्यांच्या निमित्ताने

समजा, प्रस्तावासाठी तुम्हाला विषय सुचला: ‘भोर-वेल्हे भागात स्वतःची गाडी स्वतः चालवणारे मालवाहू टेम्पोवाले आपलं गिऱ्हाईक कसं जमवतात?’ विषय चांगला आहे. पण अशा प्रस्तावात पुढची ओळ साधारण ठरलेली असते: ‘100 चालकांकडून प्रश्नावली भरून घेऊ आणि ग्राहकसंख्येचा उत्पन्नाशी सहसंबंध काढू.’ अभ्यास फसतो तो इथेच. कसा, ते बघू.

आधी धंदा समजून घ्या

मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागतं. मात्र गाडीचं मालासकट एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल, तर त्यातून सूट आहे. 2005 मध्ये टाटा एस म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला आणि लहान गाड्यांचा हा धंदा गावोगाव पोचला. थोडे पैसे आधी भरले, बाकीचा हप्ता बांधला, की माणूस गाडीमालक होतो. धंद्यात शिरणं सोपं, म्हणून स्पर्धा जास्त. टिकायचं तर भाडं मिळालं पाहिजे.

भोरची गाडी कापूरहोळला महामार्गाला लागते, वेल्ह्याची नसरापूर-चेलाडीला. दोन्हीकडून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात भाजीपाला, तांदूळ जातो. जाताना गाडी भरलेली असते. येताना?

आता एक हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. जाऊन-येऊन 110 किमी, गाडी लिटरला 11 किमी देते आणि डिझेल 90 रुपये लिटर, म्हणजे डिझेलला 900 रुपये. गाडीचा हप्ता महिन्याला 14,000 आणि महिन्यात 20 फेऱ्या, म्हणजे फेरीमागे 700. जाण्याचं भाडं 2,200 मिळालं तर हातात 600 उरतात. त्यातूनच टोल, टायर, दुरुस्ती आणि चालवणाऱ्याची मजुरी निघायची. येताना 800 रुपयांचं रिटर्न भाडं मिळालं, तर हेच 600 होतात 1,400. डिझेल थोडंसं वाढेल, पण हप्ता तोच राहतो.

म्हणजे दोन चालकांची गिऱ्हाईकं सारखीच असली, तरी एकाकडे दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त पैसे उरू शकतात. तुमच्या तक्त्यात मात्र दोघांच्या नावापुढे एकच आकडा असेल. म्हणून विश्लेषणाचं एकक गिऱ्हाईक न धरता पूर्ण फेरी धरा.

फेरी धरली की बाकीच्या गोष्टी आपोआप दिसायला लागतात. मार्केट यार्डातच भाजीचा विभाग आहे आणि भुसाराचाही. भाजी पहाटे उतरते, भुसाराची दुकानं नंतर उघडतात. मधले तास थांबून भोरच्या किराणा दुकानाचा माल भरायचा, की रिकामी गाडी घेऊन लवकर परतायचं? हा निर्णय चालकाला रोज घ्यावा लागतो. त्यात हंगामाची भर. खरिपाच्या तोंडावर खत-बियाणं पुण्याकडून गावाकडे येतं, भात निघाल्यावर तांदूळ उलट दिशेने जातो. पावसात वरंध घाट बंद झाला, की महाडकडची भाडीही थांबतात. एकाच महिन्याची पाहणी केलीत, तर यातलं निम्मं तुमच्या हाती लागणार नाही.

ओळख कोणाची उपयोगी पडते?

मार्क ग्रॅनोव्हेटरचा 1973 चा ‘कच्च्या ओळखींचं बळ’ सांगणारा निबंध तुमच्या वाचनात येईलच. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकती नोकरी बदललेल्या लोकांशी तो बोलला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त 16.7 टक्के त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. 55.6 टक्के अधूनमधून भेटत होते आणि 27.8 टक्के क्वचितच. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते.

हे इथे लावून बघा. जाण्याचं भाडं भावकीतून, गावातून मिळेल. रिटर्न भाड्याची खबर मात्र गावात नसते. ती यार्डातल्या अडत्याकडे, हमालाकडे, नाहीतर दुसऱ्या तालुक्यातल्या चालकाकडे असते. हे अजून गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. तपासायचं तेच आहे.

क्लिफर्ड गीर्ट्झने 1978 मध्ये मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराबद्दल दुसरी बाजू मांडली. माहिती मिळणं अवघड असलेल्या बाजारात माणसं पुन्हा पुन्हा त्याच माणसाकडे जातात, कारण त्यामुळे शोधाशोध वाचते. घासाघीस तिथेही चालूच राहते. त्यामुळे ‘बांधलेलं गिऱ्हाईक’ दिसलं की लगेच ‘विश्वास’ असं लिहून मोकळं होऊ नका. कोणाची शोधाशोध वाचली आणि त्याची किंमत उधारीच्या रूपात कोण मोजतोय, ते विचारा.

नमुना कुठे घ्याल?

सोपं वाटतं: कापूरहोळच्या चौकात जायचं आणि उभ्या असलेल्या चालकांशी बोलायचं. पण उभा कोण असतो? ज्याला त्या वेळी भाडं नाही, तो. बांधलेली गिऱ्हाईकं असलेला चालक रस्त्यावर असतो. आणि हप्ते थकून ज्याने गाडी विकली, तो दोन्हीकडे नसतो. त्याला वगळलंत, तर तुमचा अभ्यास फक्त टिकलेल्यांची गोष्ट सांगेल आणि त्यांच्या सवयींनाच यशाचं कारण ठरवेल. उद्या कोणी तरुण तो निष्कर्ष वाचून कर्ज काढेल. म्हणून चौक, यार्ड आणि गाडी विकलेली माणसं, तिन्हीकडे जा.

प्रश्न कसा विचाराल?

‘तुमचे ग्राहक किती?’ याचं उत्तर अंदाजाने मिळतं. त्याऐवजी म्हणा, ‘दादा, मागच्या 10 फेऱ्या सांगा.’ आणि प्रत्येक फेरीसाठी लिहून घ्या:

- भाडं कोणी सांगितलं आणि त्याची ओळख कशी झाली?
- जाताना काय नेलं, येताना काय आणलं?
- थांबावं किती लागलं?
- पैसे रोख मिळाले की उधार? उधार असतील तर किती दिवसांनी?

30 चालकांच्या प्रत्येकी 10 म्हणजे 300 फेऱ्या होतात. पण ही 300 स्वतंत्र माणसं नाहीत. एकाच चालकाच्या फेऱ्या एकमेकींसारख्या असणार, विश्लेषणात तेवढं भान ठेवा. आठवण्यात चूक होतेच, तेव्हा मोबाइलमधली कॉलची आणि पैशांची नोंद त्यांच्या परवानगीने सोबत पडताळा. आणि मुलाखत भरलेली गाडी उभी करून घेऊ नका. तुमचा अर्धा तास त्यांच्या भाड्यातून जातो.